अकरावा आवाज

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. ज्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं, त्याच दिवसाची ही गोष्ट आहे. घरात त्या दिवसाचा विषय निघाला की मी उठून माजघरात पाणी प्यायला जातो. तिला वाटतं, मी लाजतो.

सांगायचं आहे ते एका माणसाबद्दल. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तसं आमच्या गावात त्याला नावाने कोणी हाक मारतच नसे. आगबोटींवर खलाशांचा मुकादम म्हणून उमर काढलेली, म्हणून सारंग. आणि वयाने वडील, म्हणून चाचा. सारंगचाचा. उजवा गुडघा वाकत नसे. चालताना तो पाय ते वल्ह्यासारखा बाजूने फिरवून पुढे आणत. अंगात बारा महिने आगबोटीवरचा निळा जाड कोट, त्याची वरची दोन बटणं तुटलेली, आणि गळ्यात दोरीला एक पितळी शिट्टी. ती त्यांनी आंघोळीच्या वेळीही काढली नसेल, असं लोक म्हणत.

या माणसाला एक खोड होती. ते माणसं मोजत.

बंदरावर मचवा लागला की मोज. मशिदीतून लोक बाहेर पडले की मोज. आमच्याकडे लग्नकार्य असलं की मांडवाबाहेरच्या बाकावर बसून, डोळे मिटून, आतल्या आवाजांवरून मोजत. डोळे मिटूनच मोजायचं हा त्यांचा कायदा होता. "डोला लबाड असतो," म्हणत. "त्याला जो पायजे तो दिसतो. कान बिचारा गरीब. जेवढं आलं तेवढंच घेतो."

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात ते असेच बसले होते. काका कौतुकाने बाहेर आले. "काय चाचा, किती पानं?"

चाचा डोळे न उघडता म्हणाले, "एक जास्त हाय."

"असायचाच हो एखादा आगंतुक! लग्नघर आहे."

"आगंतुक न्हाय," चाचा म्हणाले. "जेवत न्हाय तो."

काका हसले, पण आत गेल्यावर त्यांनी गुपचूप एक पान वाढून परसात केळीखाली ठेवलं. मी ते पाहिलं होतं.

बंदरावरच्या चहाच्या दुकानातही तसंच. आम्ही चौघं बसलेले असलो तर चाचा पाच कप सांगत. पाचवा कप बाकाच्या टोकाला निवत राही. दुकानदार कुरकुरे, "चाचा, कोन येनार हाय?" चाचा म्हणत, "येनार न्हाय. आलेला हाय." आम्ही हसायचो, आणि हसता हसता बाकाच्या त्या टोकापासून जरा सरकून बसायचो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी कुठल्याशा किनाऱ्यावर त्यांची आगबोट धुक्यात खडकावर चढली. हे होडी घेऊन उतरले. होडीत सव्वीस माणसं. किनाऱ्याला लागल्यावर धुक्यात कोणाचं तोंड दिसेना, म्हणून यांनी हजेरी घेतली.

"सव्वीस उतरलो व्हतो. सत्तावीस 'हजर' आले."

"कोणीतरी दोनदा बोललं असेल, चाचा."

"मी पन तेच म्हटलं. गावातल्या लोकांनी सत्तावीस कांबळी आनली. वाटली. एक उरायला पायजे व्हतं ना?" ते समुद्राकडे बघत राहिले. "न्हाय उरलं."

*

आमचं गाव दिघीच्या खाडीच्या तोंडापासून दोन कोसांवर, दर्याला लागून. मागे सुपारीच्या वाड्या, पुढे वाळूची पुळण, आणि पुळणीसमोर पाण्यात पिराचा खडक. पौष पौर्णिमेला त्या खडकावर जत्रा भरे. पीर मुसलमानांचा, पण नारळ सगळ्या गावाचे. त्या पहाटे मोठी ओहोटी असते. पाणी इतकं मागे हटतं की किनाऱ्यापासून खडकापर्यंत वाळूचा दांडा उघडा पडतो आणि लोक पायी जाऊन येतात. आठाच्या आत परतायचं. कारण भरतीचं पाणी खडकाच्या बाजूने आधी येत नाही. किनाऱ्याच्या बाजूला दांडा खोलगट आहे, तिथे ते आधी शिरतं. मधल्या माणसाला पायाखाली कोरडी वाळू दिसत असते, आणि परतीची वाट मागच्या मागे तुटलेली असते. त्यात पौषातलं धुकं.

एका वर्षी वरच्या गावच्या दोन बायका अशा भरतीत सापडल्या. त्यानंतर आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी गाव जमवून सेवा मंडळ काढलं. हेडमास्तर अध्यक्ष. मी नुकताच फायनलची परीक्षा पास होऊन गावात मोकळा फिरत होतो, अक्षर बरं होतं, म्हणून मी चिटणीस. स्वयंसेवकांचा नायक कोण, यावर चर्चा चालली. हेडमास्तरांनी नायकाच्या अंगी असावयाचे गुण वाचून दाखवले. पुष्कळ होते. मागच्या बाकावरून आवाज आला.

"मास्तर, पुनवेला पानी आधी कोनच्या अंगानं येतं?"

हेडमास्तर म्हणाले, "समुद्राच्या."

कोळीवाड्यातली माणसं खाली बघून हसली. सारंगचाचा हसले नाहीत. "मग तुमी किनाऱ्यावर भाषन करा," ते म्हणाले. "दांड्यावरची मानसं मी आनतो."

असा नायक निवडला गेला. त्याच सभेत त्यांनी डोळे मिटून आम्हाला मोजलं. आम्ही अठरा होतो. ते म्हणाले, एकोणीस. हेडमास्तरांनी मला खूण केली, की हे इतिवृत्तात लिहू नकोस.

बिल्ला त्यांनी लावला नाही. पुढे चालायला तर साफ नकार. "म्होरक्यानं मागं ऱ्हायाचं. फुडं काय हाय ते सगल्यांना दिसतं." पण त्यांचा पाय वाळूत चालत नव्हता, म्हणून त्यांनी तोड काढली. आम्ही अकरा स्वयंसेवक लाल फडक्याच्या काठ्या घेऊन दांड्यावर रांगेने उभे राहायचो. एक नंबर किनाऱ्याशी, अकरा नंबर खडकाशी. लोक परतले की खडकाकडून रांग गुंडाळत यायची. प्रत्येकाने आपल्या पुढच्या नंबरचा, खडकाकडचा गडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय जागा सोडायची नाही. सर्वांत शेवटी अकरा नंबर. "अकरा म्हंजे माजे पाय," चाचा म्हणत.

आम्हाला नावं नव्हती. "नाव किनाऱ्यावर. पान्यात नंबर." रांगेत कोळी होते, भंडारी होते, दोन मुसलमान होते, माझ्यासारखा वाडीवाला होता. घरी एकमेकांच्या ओटीपलीकडे न जाणारे आम्ही वाळूत नुसते तीन, सहा, नऊ झालो. चाचा आमचे डोळे फडक्याने बांधत आणि शिट्टीच्या रोखाने चालायला लावत. मी एकदा थेट गुडघाभर पाण्यात गेलो, तर ओरडले, "दहा! तुजी बायको विधवा झाली!" मी म्हणालो, "लग्न व्हायचंय, चाचा." ते म्हणाले, "मग वाचली बिचारी."

आणि शेवटी हजेरी. ही सगळ्यात महत्त्वाची. सगळे किनाऱ्याला आले की चाचा समुद्राकडे तोंड करून, डोळे मिटून, उजवा हात वर धरून नंबर पुकारत. प्रत्येक नंबर एकदाच. "दर्या दोनदा बोलवत न्हाय, मी कशाला बोलवू?" उत्तर आलं की एक बोट मिटायचं, मूठ भरली की पुन्हा उघडायची. आणि उत्तर आलं नाही, तर किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी, अगदी जत्रेच्या ढोलवाल्यांनीसुद्धा, गप्प व्हायचं. चाचा मनात शंभर मोजत. त्या शंभरांत कोणी खोकायचंही नाही. "धुक्यात मानूस दिसत न्हाय," ते सांगत. "पन वरडला तर ऐकायला येतो. आपन गप ऱ्हायलो तर."

त्या शंभरांच्या शांततेवर ते सगळं मंडळ उभं होतं. हेडमास्तरांच्या भाषणांवर नव्हे.

*

अकरा नंबर दामू होता. भंडाऱ्याचा पोर, माडावर चढणारा, वयाने माझ्याएवढा. अख्ख्या गावात मला "अरे-तुरे" करून मनसोक्त शिव्या देणारा तो एकटाच. त्याला आई आणि माड, याशिवाय कोणी नव्हतं.

सरावाच्या हजेऱ्या रोज संध्याकाळी होत. दामू बिडी ओढायला सुरूच्या बनात जाई. मला घरून बोलावणं येई. मग आम्ही एकमेकांची हजेरी भरायला लागलो. चाचांचे डोळे मिटलेले, रांगेतले गडी आपल्याच घाईत. दामूचा आवाज मधे चिरलेला, आणि 'हजर' म्हणताना शेवटी हसल्यासारखा वर जाई. तो काढायला मी घरी आरशासमोर शिकलो. तो माझा आवाज काढी, तेव्हा नाकात बोले. मला राग येई, पण चाचा बोट मिटत. जो माणूस लग्नात एक जास्त मोजतो, त्याचे कान आम्ही फसवतो, याची आम्हाला भारी मौज वाटे.

"म्हाताऱ्याला एक जास्त ऐकू येतो ना," दामू म्हणे, "मंग आपन त्याला एक कमी दिऊ. हिसाब बराबर!"

पहिल्या वर्षीची जत्रा सुखरूप पार पडली. दुसऱ्या वर्षी पौष पौर्णिमेलाच माझ्या मामांनी आगरदांड्याकडे एक मुलगी बघायचं ठरवलं. दिघीहून दुपारच्या भरतीला खाडीपलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, सुटायची. मामा म्हणाले, "आठाला गाडी जुंपून रस्त्यावर उभा असेन. भरती चुकली तर मुलगीही चुकली, समज."

त्या सकाळी धुकं असं होतं की हातातल्या काठीचं लाल फडकं काळं दिसत होतं. लोक धुक्यातून येत, आमच्याजवळून जात, पुन्हा धुक्यात विरघळत. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या कडेवर मूल. मग ते येणं कमी झालं, थांबलं. पायाखालची वाळू अजून कोरडी होती. डाव्या अंगाला कुठेतरी पाणी शिरत असल्याचा बारीक आवाज यायला लागला, तांदूळ पाखडल्यासारखा.

मी हाक मारली, "अकरा!"

दामू धुक्यातून अर्धा दिसला. "तू हो फुडं. येक म्हातारी वर ऱ्हायली हाय. तिला घिऊन येतो."

"लवकर ये. मला गाडी आहे."

"व्हय व्हय, नवरदेव! जा. आन पोरगी काळी असली तर मला दे."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. कायदा असा होता की मी थांबायचं. मी थांबलो नाही. नऊ नंबरला सांगितलं, "येतोय मागून." खोलगट भागात तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं.

किनाऱ्यावर जत्रेची सगळी माणसं गोळा झालेली. चाचांनी हात वर केला. ढोल थांबला. एक, हजर. दोन, हजर. मी रस्त्याच्या बाजूला बघत होतो. मामांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. दहा. "हजर." मग चाचा म्हणाले, "अकरा?"

मला वाटलं, तो येतोच आहे. पाच मिनिटांचा प्रश्न. उत्तर आलं नाही तर शंभर मोजणार, मग दोरखंड काढून सगळी रांग परत नेणार, आणि मधेच दामू दात काढत येणार. माझी गाडी जाणार ती जाणारच.

मी तोंड वळवलं, हाताचा पंजा ओठांशी धरला, आणि दामूच्या आवाजात म्हणालो, "हजर."

आवाज फार चांगला निघाला. इतका, की माझा मीच दचकून मागे पाहिलं.

चाचांनी अकराव्याचं बोट मिटलं. तीन शिट्ट्या झाल्या, म्हणजे सगळे आले. ढोल वाजायला लागले, लोक ओरडले, नारळ फुटले. मी गाडीकडे पळालो.

*

मुलगी काळी नव्हती. तिने पोहे आणले, मान खाली होती, बांगड्या वाजत होत्या. मी होकार दिला. रात्री आम्ही तिकडेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा गाव पुळणीवर होतं.

दुपारीच दामूच्या आईने चाचांना विचारलं होतं, "सारंगबाबा, माजा पोर कुटं हाय?" चाचांनी तिला धीर दिला होता. "आला तो. अकरा हजर झाला. मी माज्या कानांनी ऐकलाय. झोपला असंल कुटं माडाखाली." त्यांच्या शब्दावर ती घरी गेली. दिवेलागणीला पुन्हा ओहोटी लागली, दांडा उघडा पडला, आणि त्यावरून ती म्हातारी एकटी चालत आली. ती दिवसभर खडकावर बसून होती. खडक कधी बुडत नाही. ती म्हणाली, एक पोरगा मला न्यायला आला होता. म्हणाला, आये, बस हितंच, मी पानी किती हाय बघून येतो. आणि धुक्यात उतरला.

"मग?"

"मंग लई येळ वरडत व्हता."

"काय ओरडत होता?"

म्हातारीला आकडे येत नव्हते. तिने ऐकलं तसं सांगितलं. "अकरा, अकरा, म्हनत व्हता."

त्याला ठाऊक होतं की किनाऱ्यावर शंभरांची शांतता असणार. तो त्या शांततेत ओरडत होता. किनाऱ्यावर ढोल वाजत होते.

तिसऱ्या दिवशी तो दिघीच्या बाजूला सापडला.

*

मंडळाची सभा शाळेत भरली. हेडमास्तरांनी चाचांना विचारलं, अकरावा आला नव्हता तर शिट्टी का दिली? चाचा म्हणाले, "आला व्हता. बोलला." कोणीतरी मागून म्हणालं, "म्हाताऱ्याला नेहमीच एक जास्त ऐकू येतो." कोणी हसलं नाही, पण गावाचा निकाल तिथेच लागला.

चाचा उभे राहिले. "मला आवाज तपासू द्या," म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, हात वर धरला, आणि आम्हा दहा जणांना एकेक करून म्हणायला लावलं, "अकरा, हजर."

पोरं म्हणत गेली. प्रत्येकाला चाचा मान हलवून "न्हाय" म्हणत. माझी पाळी आली. मी माझ्या आवाजात म्हणालो, "अकरा, हजर."

त्यांचा हात तसाच वर राहिला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. त्या क्षणी त्यांनी डोळे उघडले असते, तर मी पाय धरले असते. असं मी इतकी वर्षं मला सांगत आलो आहे. खरं कोण जाणे.

"न्हाय," ते म्हणाले. "हा दहा हाय."

मग त्यांनी डोळे उघडले, आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यात राग नव्हता. भीती होती. सगळे जिवंत आवाज तपासून झाले होते. आता एकच उरला होता. "म्हंजे तोच व्हता," ते हळूच म्हणाले. "पान्यात व्हता, आन हितं येऊन हजेरी दिली त्यानं. आन मी शिट्टी मारली."

शिट्टी त्यांनी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. हेडमास्तर मला म्हणाले, "लिहा चिटणीस." आणि मी लिहिलं: 'नायकांच्या मोजणीत चूक झाल्यामुळे एक स्वयंसेवक दगावला.' ओळ सरळ आली. खाडाखोड नाही. माझ्या अक्षरातली ती वही कुठल्यातरी कपाटात अजून असेल.

*

मंडळ पुढे दोन वर्षं चाललं, मग नुसत्या व्याख्यानांचं झालं. मी लग्न केलं, घाटावर एका शाळेत मास्तरकी धरली. वर्गात हजेरी घेताना मी मान वर करून प्रत्येकाचं तोंड बघतो, आणि दिसल्याशिवाय खूण करत नाही. मुलं माझी नक्कल करतात. करू द्यावी.

गावाकडून कळत असे. चाचांनी पूर्वीसारखं माणसं मोजणं सोडलं होतं. बंदरावर चहा मात्र सांगत, आणि आता एक नव्हे, दोन कप जास्त. दामूची आई होती तोवर तिच्या दारात माडाच्या झावळ्या, सुकी मासळी नेऊन ठेवत आणि हाक न मारता परत येत. आणि दर पौर्णिमेला पहाटेच्या ओहोटीला दुखरा पाय ओढत दांड्यावर जाऊन हजेरी घेत.

एका हिवाळ्यात सुट्टीवर आलो असताना ते ऐकायला मी गेलो. सांगायला गेलो होतो, असंही मी स्वतःला सांगितलं होतं. उजाडलं होतं, पण धुकं होतं. आधी पायाची ती फरफट ऐकू आली, मग निळा कोट दिसला. मी पंधरा-वीस पावलांवर थांबलो. चाचा समुद्राकडे तोंड करून उभे होते, डोळे मिटलेले, हात वर.

"एक," ते म्हणाले, आणि स्वतःच उत्तर दिलं, "घरी." बोट मिटलं. "दोन. घरी. तीन. मुंबैला." असे ते नऊपर्यंत आले. प्रत्येक जण कुठे आहे ते त्यांना माहीत होतं.

"दहा?"

मी घाटावर असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तसं म्हणून त्यांनी बोट मिटायला हवं होतं. पण ते थांबले. मान जराशी माझ्या बाजूला कलली. मी तोंड उघडलं, आणि कुठला आवाज बाहेर येईल याचं मला असं भय वाटलं की मी ते पुन्हा मिटलं.

मग सारंगचाचांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. नंबर दुसऱ्यांदा पुकारला.

"दहा?"

मी गप्प राहिलो.

"अकरा?" ते म्हणाले. आणि शंभर मोजायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. मीही मोजत होतो. तांदूळ पाखडल्यासारखं पाणी कुठेतरी शिरत होतं. बाकी जगात आवाज नव्हता. साठ झाले, सत्तर झाले. मला दामूचं हसू ऐकू आलं, असं मी लिहिणार नाही. पण मी ऐकत होतो, हे खरं.

शंभर झाले. चाचांनी हात खाली घेतला. "दोन कमी," ते म्हणाले, आणि पाय फिरवत माझ्या इतक्या जवळून गेले की कोटाची बाही मला लागली. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

त्यांना कळलं होतं का? सभेत हात वर धरून ते थांबले, तेव्हाच ओळखलं होतं, आणि मला सोडलं होतं? तसं असेल तर ती भीती कशाची होती? मी पुष्कळ विचार केला आहे. मला ठाऊक नाही. पुढच्याच पावसात ते गेले.

*

गेल्या मे महिन्यात मी श्रीवर्धनला एका लग्नाला गेलो होतो. वाटेत गावात उतरलो. सारंगचाचांची मुलगी अजून त्याच घरात राहते. तिच्याही केसांत आता चांदी आली आहे. मला बघून ती दारात आली, चहा केला. दोन माणसं, दोनच कप. मी मोजले.

मी निघायला उठलो तेव्हा ती म्हणाली, "भाईजान, तुमी त्या लायनीत व्हता ना? लोक अजून माज्या नातवांना म्हनतात, ज्याला मेलेला मानूस ऐकू आला त्या म्हाताऱ्याची ही पोरं. बाबा मरताना पन तेच पुटपुटत व्हते. अल्लाच्या वास्ते सांगा, त्यांनी खरंच चूक मोजलं?"

मी म्हणालो, "फार वर्षं झाली, बाई. आता नीट आठवत नाही."

ती म्हणाली, "न्हाय, न्हाय, तुमचं पन बरोबर हाय," आणि मला फाटकापर्यंत सोडायला आली.

तिला मला एवढंच सांगायचं आहे. तुझ्या वडिलांनी त्या सकाळी एकही जास्त ऐकला नाही. त्यांनी अकरा आवाज ऐकले आणि अकराच मोजले. मोजणी बरोबर होती. अकरावा आवाज माझा होता.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.